लाल पाण्याच्या तोटीचं ग्रीस

जागृती, ये बघू अशी जवळ. आता तू बडोद्याला आणि मी इथं पनवेलला, जवळ कशी येणार म्हणा. पण निदान हा कागद तरी जवळ धर, आणि तो मोबाइल जरा पालथा घालून ठेव. रागावलेय का? रागावलेच आहे. मंगळवारी फोन केलास तो पाच मिनिटांचा. मावशी जेवलीस का, गुडघा कसा आहे, गोळ्या घेतेस ना, सगळं एका श्वासात, आणि उत्तराला थांबायचं नाव नाही. मग म्हणालीस, "मावशी, तुझं ते ग्रीसचं ज्ञान जरा दे ना. दोनशे डिग्री आहे, वर क्लोरिन आहे, आणि व्हॅक्यूम काही केल्या टिकत नाही." मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तूच हसत म्हणालीस, "घाबरू नको हं, मी आईसारखी धांदरट नाहीये."

फोन कट झाला तो लाइन गेल्यामुळे नाही. मी ठेवला. तुझ्या आईबद्दल तो शब्द पुन्हा काढायचा नाही. का नाही, ते सांगायला मला तीस वर्षं लागली, यात माझी लाज आहे, तुझी नाही.

नवरात्र बसलंय इथं. बाजारात झेंडूचे ढीग लागलेत आणि दुपारचं ऊन असं आहे की डोक्यावरचा पदर तापतो. पावसाळ्यानंतरचं हे ऊन मला कधीच आवडलं नाही. वैशाखातलं ऊन सांगून येतं, आपण तयारीत असतो. हे मात्र सकाळी गार वाऱ्याच्या आडून येतं आणि अकरा वाजता अंगावर बसतं. पूर्वी या दिवसांत कळंबोलीकडून वारा आला की पिकत्या भाताचा वास यायचा, दुधाळ, थोडा गवतासारखा. आता रोडपालीला सगळ्या इमारती झाल्या. वास नाही. पण तुला खरं सांगते, माझ्या नाकात तो वास अजून येतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा येतो. लाल पाण्याचा. मग मी खिडकी लावून घेते. खिडकी लावून काही होत नाही, ते मला कळतं.

लाल पाणी म्हणजे ब्रोमीन, हे तुला सांगायला नको. आम्ही बायका लाल पाणीच म्हणायचो. तळोज्याच्या त्या कारखान्यात मी लागले तेव्हा सातवी पास होते, आणि विधवा. काम काय, तर प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायची. तिथं तुझी आई, हिरा, माझ्या आधीपासून होती. पहिल्याच दिवशी मी फ्लास्क विळखा घालून धरला, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो, तान्हा पोर हाय का तो? मानेला धर, मानेला!" झालं, तिथून आमचं जमलं. कंपनीची बस पनवेलहून निघायची, ती रोडपालीच्या थांब्यावर चढायची, आणि चढताना तिच्या हातात कायम काहीतरी असायचं. तांदळाची भाकरी, सुकट, वालाच्या शेंगा. मला न विचारता माझ्या डब्यात घालायची.

भांडी धुता धुता ग्रीस आमच्या हाती आलं. झालं असं, की काचेच्या तोट्यांना ग्रीस लावायचं काम केमिस्ट पोरांचं. ती लावायची ढीगभर. तोटीच्या भोकात जायचं, मालात उतरायचं, आणि शेवटी ते काढायला आम्हीच. एक दिवस हिरानं एका पोराच्या हातातून तोटी काढून घेतली. तिच्यात फिरते ती काचेची फिरकी काढून पुसली, कोरडी केली, बोटाच्या टोकानं दोन बाजूंना दोन उभ्या रेघा ओढल्या, काजळ घालावं इतक्या बारीक, भोकाच्या जागेपासून लांब. मग फिरकी बसवून हळूहळू फिरवली. काच आधी धुरकट होती, ती फिरवता फिरवता स्वच्छ होत गेली आणि शेवटी अशी दिसायला लागली जणू दोन काचा नाहीतच, एकच आहे. "एक रेघ जरी दिसली ना," ती त्या पोराला म्हणाली, "तर समज तुजा व्हॅक्यूम गेला गावाला." मागं फडके साहेब उभे होते. आमचे मुख्य केमिस्ट. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या तोट्या आमच्याकडे आल्या.

फडके साहेब फार बोलणारे नव्हते. पण विचारलं तर सांगायचे, आणि मला विचारायची खोड. ग्रीस म्हणजे ग्रीस, असं मला वाटायचं. ते म्हणाले, "बाई, तोटी हातात घेतली की आधी तीन गोष्टी विचारायच्या. किती तापणार? कशाची वाफ लागणार? व्हॅक्यूम किती खोल हवा? मग डबी उघडायची." मी ते घरी जाऊन वहीत लिहिलं. ती वही तू पाहिली आहेस, निळ्या पुठ्ठ्याची.

आमच्याकडे तीन ग्रीस होती. एक पिवळट, मेणासारखं. व्हॅक्यूम असा धरायचं की काटा हलायचा नाही, पण त्याला ऊन सोसायचं नाही. मे महिन्यात पत्र्याखाली ते तुपासारखं पाघळायचं, आणि जानेवारीत सकाळी इतकं घट्ट की डबी आधी मुठीत धरून ऊब द्यायची. या दसऱ्याच्या दिवसांत तर दोन्ही तऱ्हा, सकाळी रुसलेलं आणि दुपारी ओघळलेलं. तेलकट सॉल्व्हंट लागलं की विरघळूनच जायचं. दुसरं पारदर्शक, सिलिकोनचं. ते थंडीला भीत नव्हतं, उष्णतेला भीत नव्हतं, दीडशे-दोनशे डिग्रीला बसून राहायचं. दिसायलाही देखणं. पण एक तर ते जिथं लावलं तिथं थांबत नाही, काचेवर पसरत जातं आणि मालात शिरतं. आणि कडक ॲसिड, लाल पाणी, असलं काही लागलं की आतून बिघडतं. वरून कळत नाही. तिसरं पांढरं, लोण्यासारखं, पण हातात घेतलं तर जड. दुप्पट जड. त्याला ॲसिडचं काही नाही, ब्रोमीनचं काही नाही, क्लोरिनचं नाही, शुद्ध ऑक्सिजनचंसुद्धा नाही. आपल्या नेहमीच्या सॉल्व्हंटनं ते पुसलंही जात नाही, निराळं लागतं. ते परदेशातून यायचं आणि वर्षातून एखाद-दुसरी ट्यूब यायची.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथंच देऊन टाकते, म्हणजे कामाचं राहायला नको. पांढरं लाव. पण आधीचं जे काही असेल ते कणभरही ठेवू नकोस. एका ग्रीसवर दुसरं कधी लावायचं नाही. आणि सांधा जितका गार ठेवता येईल तितका ठेव, पांढऱ्यालासुद्धा मर्यादा आहे. झालं तुझं काम. आता माझं ऐक.

पांढरं ग्रीस कासमभाईंच्या कपाटात असायचं. कासमभाई म्हणजे आमचे स्टोअरकीपर, पनवेलच्या मोहल्ल्यातले, दाढी मेंदीनं लाल केलेले. ते ट्यूब कुणाच्या हातात देत नसत. आमच्या छोट्या स्टीलच्या डब्या होत्या, हळदीकुंकवाच्या असतात ना, तसल्याच. त्यात चिमूटभर काढून द्यायचे. "इंदूबहेन, हे ग्रीस नाही, अत्तर आहे. कानामागं लावायला नको हां!" हिरा म्हणायची, "चाचा, तुमी मेल्यावर ही ट्यूब संगं नेनार काय?" ते म्हणायचे, "तौबा, तिथं कुठं तोट्या असणार!" आणि कपाटाला कुलूप घालून किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात.

त्या वर्षी खंडेनवमी गुरुवारी आली. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. बॉयलरला हार, पंपाला हार, तराजूला सुद्धा कुंकू. काम बंद, सगळी साफसफाई, आणि संध्याकाळी चारला शेठ बायकामुलांना घेऊन यायचे प्रसाद घ्यायला. तू चार वर्षांची होतीस. तुझी आई त्या दिवशी रजेवर होती, तुमच्याकडे भातकापणी लागली होती. म्हणजे लाल पाण्याची खोली एकट्या माझ्याकडे.

मला त्या खोलीचा अभिमान होता गं. हौस म्हण. बाकीच्या खोल्यांत लोखंड आणि काळं तेल, आणि आमच्याकडे छतापर्यंत उभी काच. मी सकाळपासून पुसत होते. बाटल्या लख्ख केल्या, पंपाला झेंडूची माळ घातली, काचेच्या कॉलमला लांबून कुंकवाचं बोट लावलं. मग माझी नजर मोठ्या तोटीवर गेली. लाल पाणी सोडायची मुख्य तोटी ती. तिला हिरानंच पंधरा दिवसांपूर्वी पांढरं लावलेलं. पक्कं होतं. पण कडेला, जिथं ग्रीस थोडं बाहेर येतं, तिथं लाल पाण्याच्या वाफांनी तांबूस डाग धरला होता. पान खाल्लेल्या ओठासारखा. ग्रीसला त्यानं काही झालं नव्हतं, ते मला माहीत होतं. नुसता डाग. पण सगळी खोली आरशासारखी आणि मधोमध तो डाग. बघवेना. मी फिरकी काढली आणि पुसली. निराळं सॉल्व्हंट घेऊन, चांगलं पाच वेळा पुसली. मग पांढऱ्याची डबी उघडली.

डबी रिकामी होती. बोट फिरवलं तर तळाला नखाएवढंही नाही. धावत स्टोअरला गेले. कासमभाई उरणला भाचीच्या लग्नाला गेलेले, आणि किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात.

कोरडी फिरकी तोटीत ठेवली तर काच पांढुरकी दिसते, धुकं धरल्यासारखी. शेठ यायला तासभर होता. मी पारदर्शक लावलं. दोन बारीक रेघा, हिरासारख्या. फिरवली. पाण्यासारखी स्वच्छ झाली. मनात म्हटलं, पूजेपुरतं. लाल पाण्याचं काम सोमवारी आहे. शनिवारी आले की पहिलं हे पुसायचं आणि पांढरं लावायचं. तोटीला मी एक चिठ्ठी बांधायला हवी होती. कागद हातात होता. पण चिठ्ठी बांधली असती तर ती शेठच्या बाईंना दिसली असती.

शेठच्या बाईंनी ती खोली बघून "किती सुंदर!" म्हटलं. त्या तोटीशी वाकून बघितलं त्यांनी. मला आजही त्यांच्या साडीचा रंग सांगता येईल, पण काय करायचं तो सांगून.

दसऱ्याला मी पेणला भावाकडे गेले. पळस्प्याच्या फाट्यावर एस. टी. गोव्याच्या रस्त्याला वळली, दोन्ही बाजूंनी पिवळं भात, काही कापून आडवं पाडलेलं. खिडकीतून हात बाहेर काढून मी वारा घेत होते, एवढं बरं वाटत होतं. सोनं वाटलं, जेवलो. शुक्रवारीच परत निघायचं होतं. वहिनी म्हणाली, "वन्सं, उद्या काकडीचे घारगे करते, राहा ना एक दिवस. कारखाना काही पळून जात नाही." राहिले. जागृती, मी घारग्यांसाठी राहिले. आजारपण नव्हतं, अडचण नव्हती. कुणी विचारलं असतं तर सांगायला एखादं बरं कारण हवं होतं, म्हणून मी कितीदा ते दिवस मनात उलगडून पाहिले. घारग्यांशिवाय काही सापडत नाही. त्यानंतर मी ते खाल्लेले नाहीत, पण त्यानं कुणाचं काय भलं झालं?

सोमवारी सकाळी बस रोडपालीच्या थांब्यावर थांबली. हिरा नव्हती. मी म्हटलं, कापणी आटपली नसेल. शेजारची जागा पिशवी ठेवून तिच्यासाठी धरली होती, तिथं दुसरीच एक कामगार बाई येऊन बसली, माझी पिशवी मांडीवर घेऊन.

गेटपाशी कासमभाई उभे होते. मला स्टोअरमध्ये घेऊन गेले, कपाट उघडलं, आणि पांढऱ्या ग्रीसची अख्खी, न फोडलेली ट्यूब काढून टेबलावर ठेवली. तेव्हा त्यांनी सांगितलं. शनिवारी सकाळी मुंबईहून निरोप आला, माल सोमवारऐवजी आजच हवा. साहेबांनी लाल पाण्याची लाइन चालू करायला सांगितली. हिरा अर्धी कापणी टाकून आली होती. ती स्टोअरवरून जाताना कासमभाईंनी तिला हाक मारली, "हिराबाय, डबी भरून देऊ का? रिकामी असेल तुमची." तर ती म्हणाली, "नको चाचा. इंदूनं पूजेला समदं नवं केलंय. तिचा हात हाय, त्याच्यात बगाचं काय?"

पातळ लावलं की पांढरं आणि पारदर्शक सारखंच दिसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

सकाळभर तोटी चालली. दुपारी लाल पाणी बंद करायच्या वेळी ती हलेना. सिलिकोन आतून बिघडून डिंकासारखं चिकट झालं होतं. हिरानं फडकं धरून फिरकीला जोर दिला. काच मानेशी तुटली आणि फिरकी बाहेर आली, तिच्या मागोमाग लाल पाणी.

पुढचं मी तुला लिहिणार नाही. तू केमिस्ट आहेस.

"किल्ली मीच बरोबर नेली होती," कासमभाई म्हणाले. "खुदा मलाही विचारील." ते माझ्याकडे बघत नव्हते, ट्यूबकडे बघत होते. त्यांनी मला दोष दिला नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही, शेवटपर्यंत. आम्हा दोघांत त्यानंतर अत्तराची थट्टा कधी झाली नाही.

त्या दुपारी दवाखान्यात गेले. तुझा बाप बाहेर बाकावर बसला होता, पायाला चिखल तसाच वाळलेला. तू त्याच्या मांडीवर झोपली होतीस, हातात आपट्याचं पान. आत हिराच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. श्वास घेताना छातीतून आवाज यायचा, ओला कागद फाडावा तसा. मी तिच्या हाताला हात लावला. तिनं माझी बोटं चाचपली, आणि म्हणाली, "इंदू काय गो?"

"कशावरून ओळखलंस?"

"बोटं बुळबुळीत हायत तुजी. जन्मात जायाचं नाय ते."

मी रडायला लागले. म्हटलं, "हिरा, मीच गं. पूजेसाठी..."

"माहीत हाय मना. फिरकी तुटल्यावर ग्रीस हाताला लागला ना, तवाच कळला. हलका होता." दम घेतला तिनं. "साहेब सकाळी येऊन गेला. मी सांगितलंय, मीच लावलेला."

"का असं सांगितलंस?"

"मंग काय करू? तुज्या घरात कमावनारी तूच. माजा नवरा हाय, शेत हाय." मग ओठ एका बाजूला ओढून, हसल्यासारखं करून, "तू तोंड उगडू नको. खोटं बोलाया अक्कल लागते, ती तुज्याकडं नाय. गप राव. तेवडं जमंल तुला."

जमलं गं. तेच तर सांगतेय. किती सोपं जमलं! मी "नाही, मी सांगणारच" असं एकदा म्हटलं, आणि ती नको म्हणाली, आणि दुसऱ्यांदा मी म्हटलंच नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. बाहेर येऊन तुझ्या बापाच्या हातावर केळी ठेवली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर तुटलेली फिरकी होती, कागदात गुंडाळलेली. "बाई, हिराबाई म्हणतात ग्रीस त्यांनी लावलं. तसंच ना?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला आजही सांगता येणार नाही. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, "कामगाराची चूक." मग चष्मा काढून म्हणाले, "मीही सकाळी तोटी बघायला हवी होती." पण ते त्यांनी लिहिलं नाही. त्या कागदावर तेवढं एकच वाक्य राहिलं, आणि त्या वाक्यामुळे तुझ्या आईला परत कामावर घेतलं नाही.

मी निघताना त्यांना विचारलं, "ही फिरकी मी घेऊ?" त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

पुढच्या वर्षांत मला लोक ग्रीसवाल्या बाई म्हणायला लागले. दुसऱ्या कारखान्यांतून फोन यायचे. मी इंग्रजी शिकले ती ट्यूबांवरच्या कागदांतून, एकेक शब्द डिक्शनरीत बघून. निळ्या वहीत तक्ता केला. साहेबांच्या तक्त्यात पहिला रकाना होता, ग्रीस कुठं चालतं. मी माझ्या तक्त्यात पहिला रकाना केला, कुठं चालत नाही. साहेब म्हणाले, "उलटं का?" मी म्हटलं, "तेच आधी वाचलं जावं." त्यांनी तो तक्ता टाइप करून भिंतीवर लावला, खाली माझं नाव घातलं. सगळे म्हणाले, बाई सातवी शिकलेली आणि बघा! मी त्या तक्त्यासमोरून रोज जायचे. त्या खोलीत मी पुढं एकही तोटी चुकवली नाही. एकही नाही. त्याचा तुझ्या आईला काय उपयोग?

तिचा एक डोळा दुधासारखा झाला होता, ते तुला आठवत असेल. तो आठवतो, म्हणून तू तिला तसंच ओळखतेस. मला मात्र ती आधीची दिसते, बसमध्ये चढताना पदर खोचलेली, ड्रायव्हरला दम देणारी. छाती तिची कधी सुधारली नाही. झोडणीला भाताची धूळ उडते ती तिला सोसेना. दसऱ्यानंतर खळ्यावर सगळं घर राबायचं आणि ती ओट्यावर ओलं फडकं तोंडाला धरून बसायची. तिला कशाचाच वास येईनासा झाला होता. एकदा मी वालाच्या शेंगा घेऊन गेले, तर तिनं मूठभर नाकाशी धरल्या, बराच वेळ धरल्या, आणि खाली ठेवल्या. "भाजल्यावं येल वास," म्हणाली. भाजल्या. मी विचारलं नाही. मग शेतही गेलं, ज्याच्या भरवशावर तिनं मला वाचवलं होतं तेच. आणि तू अकराव्या वर्षात असताना, अशाच दिवसांत, ती गेली.

तुझ्या शाळेची पुस्तकं मी आणली, रसायनशास्त्राचं पहिलं पुस्तक मी आणलं. तू म्हणायचीस, मावशी किती प्रेमळ. लोकही म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे. तू चौदा वर्षांची असताना माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली होतीस, "आईनं तेव्हा नीट लक्ष दिलं असतं तर ती असती." तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, तिच्यावरचा. माझ्या हातात पोळीचा गोळा होता. मी तो लाटला. दुसरा लाटला. जागृती, त्या दिवशी बोलायला हवं होतं. हिरानं गप राहा म्हटलं ते साहेबांपुढं. लेकीपुढंही गप राहा असं तिनं कुठं म्हटलं होतं? ते मी माझ्या सोयीनं वाढवून घेतलं.

मला ग्रीसचं एक समजलं ते सांगते. ते दोन काचांच्या मधे असतं आणि दिसत नाही. चांगलं लावलं असेल तर काच काचेला टेकत नाही आणि हवा आत येत नाही. पण ते आत बिघडत असतं तेव्हाही दिसत नाही. तुझ्या माझ्या मधे मी इतकी वर्षं असंच काही लावून ठेवलंय. फिरतंय, फिरतंय, सगळं पाण्यासारखं स्वच्छ. मंगळवारी तू धांदरट म्हणालीस, आणि ते अडलं. जोर लावून तोडायच्या आधी हातानं उघडावं, म्हणून हे लिहिलं.

तुझी आई धांदरट नव्हती. आम्हा सगळ्यांत तिचा हात सगळ्यात नेमका होता. तिची चूक एकच, तिनं माझं काम तपासलं नाही.

ती फिरकी माझ्याकडे आहे. मानेशी तुटलेली. ट्रंकेत, त्याच जुन्या स्टीलच्या डबीत, आणि तिच्यावर पारदर्शक ग्रीसचा तो पिवळा पडलेला थर अजून आहे. मी पुसला नाही. ती तुझी आहे. टपालानं पाठवणार नाही, काच आहे. शिवाय मला तुला समोर बसवून दाखवायचंय, तुझी आई दोन रेघा कशा ओढायची ते. तेवढं माझ्या बोटांना अजून येतं. थरथरतात, पण येतं. माझ्यानंतर ते कुणाला माहीत नसेल.

तर ये. दसऱ्यापर्यंत ये. रागावून ये, भांडायला ये, बोलायचं नसेल तर न बोलता ये. फोन करू नकोस. फोनवर तू गप्प बसलीस तर मला कळणार नाही की लाइन गेली की तू. मी कडी काढून ठेवेन, आणि चहा टाकायचा की नाही ते तुझं तोंड बघून ठरवेन. पण ये गं बाई. लवकर ये.